एक्केचाळीस जागी झेंडू

तळोद्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत हेमकांतचं मिक्सिंगचं दुकान आहे. लग्नाच्या शूटिंगमध्ये गाणी भरायची, नावं टाकायची, नको ते कापायचं आणि घरच्यांनी चारचौघांत लावावी अशी फिल्म करून द्यायची, याला आपल्याकडे मिक्सिंग म्हणतात. दुकानात दोन कॉम्प्युटर. नवा पुढच्या टेबलावर, गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर. जुना आतल्या खोलीत, पडद्याआड. त्या जुन्याच्या स्क्रीनवर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात कागदी चिकटपट्टीचे तीन थर चिकटवलेले होते.

रमिलाबाई, म्हणजे हेमकांतची बायको, दर दिवाळीला दुकान झाडायला यायची.

"सगळं पुसू देता, तेवढी पट्टी नाही. तिच्याखाली काय लक्ष्मी दडवलीये?"

"काच तडकेल शे. हात कापाई जाई," हेमकांत सांगायचा.

काच तडकलेली नव्हती. रमिलाबाईलाही ते माहीत होतं. पट्टीवरून बोट फिरवून तिने केव्हाच पाहिलं होतं. पण नवऱ्याचं काही खोटं असं असतं की ते उघडं पाडण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूने पुसून घेतलेलं बरं. ती तसंच करायची.

या जानेवारीत नमन दुकानात आला. इंदरमलशेठचा हा नातू मेनरोडवर कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. नव्या मशीनचं काहीतरी काम होतं. ते आटोपून त्याने पडदा सारला, तर आत जुनं मशीन सुरू. पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता.

"काका, हे अजून लावता तुम्ही?"

"आठवड्यातून एकदा. आखडायला नको म्हणून."

"मशीन आहे, गुडघा नाही आखडायला." नमनने वाकून मागच्या जाळीतून आतलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, पाहिलं. "सोळा वर्षं झाली याला. कंपनीने याच्याकडे बघणं केव्हाच सोडलं. वीज खातं, तापतं. आज शाळेतल्या पोराच्या लॅपटॉपमध्ये कार्ड नसतं तरी यापेक्षा जास्त चालतं."

"पण चालतं ना अजून?"

"चालणं वेगळं आणि कामाचं असणं वेगळं. संक्रांत झाली की सुरतेला भंगाराची गाडी जाते माझी. देऊन टाका."

हेमकांतने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक विचारू? कार्ड म्हातारं झालं की जुनी चित्रं दिसतात का रे? कोपऱ्यात वगैरे?"

"दिसतात की. मेमरी खराब झाली की आधीच्या चित्राचे तुकडे मधेच चमकतात. रीस्टार्ट केल्यावर जास्त."

"आणि मशीन महिनाभर बंद असेल तरी?"

नमन हसला. "बंद केलं की ती मेमरी पाटीसारखी कोरी होते, काका. मग तो तुमच्या डोळ्यांचा प्रश्न. चष्म्याचा नंबर तपासा."

"घेऊन जा मग," हेमकांत म्हणाला. "संक्रांत झाली की घेऊन जा."

त्या दिवशी तो घरी दोन भाकरी जास्त जेवला. रमिलाबाईने ते मोजलं नाही, पण पाहिलं.

हेमकांतला एकेकाळी हेच कार्ड जिवापेक्षा प्यारं होतं. सुरतेहून आणताना एस.टी.त वरच्या फळीवर ठेवायची त्याची छाती झाली नाही, म्हणून तळोद्यापर्यंत मांडीवर धरून आणलं. शेजारच्या बाईने विचारलं, "मिठाई शे का?" तर म्हणाला, "त्यापेक्षा गोड." तोवर त्याचं मिक्सिंग इतरांसारखंच होतं: बदामात नवरानवरी, आकाशातून पडणाऱ्या पाकळ्या. या कार्डाबरोबर एक सॉफ्टवेअर होतं आणि त्यात एक जादू होती. स्क्रीनवरच्या माणसावर एखादं चित्र ठेवा, माणूस चालला की चित्र त्याच्यामागे चालायचं. वळला की वळायचं. हेमकांत दोन महिने नुसता त्याच्याशी खेळत बसला.

ती जादू कामाला लागली पुढच्या वर्षी, म्हसावदच्या लग्नात. पितांबरदादांच्या धाकट्या मुलाचं लग्न. दादांचा शब्द गावात शेवटचा आणि घरात तर पहिला आणि शेवटचा दोन्ही. आदल्या वर्षीच त्यांचा थोरला, अमृत, मोटारसायकलवरून पडून गेला होता. त्याची बायको रुपा पंचविशीची. पदरात चार वर्षांची मुलगी. हळदीला ती समोर दिसायला नको, असं तिला बायकांनी सांगून ठेवलेलं. पण लग्नाचं घर ते. पाणी कोण भरणार, पाहुण्यांच्या अंथरुणांचं कोण बघणार, मांडवातल्या पोरांना कोण जेवू घालणार? काम रुपाला आणि दिसायचं मात्र नाही, हे जमावं कसं? ती सगळ्या शूटिंगभर दिसली. कधी दारात, कधी हंड्याशी, कधी नवरदेवाच्या अगदी मागे.

फिल्म तयार व्हायच्या आधी दादा स्वतः दुकानात आले. चहा नको म्हणाले.

"हेमकांत, अमृतनी बायको दिसाले नको."

"दादा, ती बऱ्याच ठिकाणी शे. कापं तर लगनच कापाई जाई."

"मंग तुन्हं ते नवं कार्ड काय कामनं? एवढं गावभर सांगत फिरस ना?"

बस्स. कार्डाला आव्हान दिलं म्हटल्यावर हेमकांतला दुसरं काही सुचलं नाही. पिवळ्याधमक झेंडूचं एक मोठं फूल केलं आणि रुपावर ठेवलं. रुपा चालली की फूल चालायचं. रुपा थांबली की फूल थांबायचं. एक्केचाळीस जागा निघाल्या. अकरा दिवस तो जेवणखाण विसरून बसला आणि शेवटचं फूल बसवलं तेव्हा स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. लोकांना संशय यायला नको म्हणून इकडेतिकडे चार सुटी फुलंही उडवली. दादांनी फिल्म पाहिली, मान डोलावली.

मग गंमत अशी झाली, की ज्यांनी ज्यांनी ती फिल्म पाहिली त्यांना ते फूल आवडलं. "पितांबरदादांकडच्यासारखं चालतं फूल आमच्याही पोरीच्या लग्नात टाका." तळोदा, शहादा, पार खांडबाऱ्यापर्यंतची गिऱ्हाइकं आली. दोन-तीन वर्षं हेमकांतने वऱ्हाडाच्या वऱ्हाडांत झेंडू चालवले. झाकण म्हणून केलेली वस्तू लोकांनी दागिना म्हणून मिरवली. तो मनात हसायचा. तेव्हा हसायचा.

रुपा त्या लग्नानंतर वर्षाच्या आत मुलीला घेऊन भावाकडे खांडबाऱ्याला गेली, एवढं त्याच्या कानावर होतं. एकवीस साली करोनाची दुसरी लाट आली. तेव्हा कुणीतरी बोलता बोलता म्हणालं, "अमृतनी बायको गयी ना. पिशवीमा बांधीसन लई गयात. तोंड बी कोणी देखं नही."

त्याच आठवड्यात हेमकांतने जुनं मशीन लावलं, आणि कोपरा पिवळा झाला.

वाटीएवढा डाग. झेंडूचा पिवळा. दोन-तीन सेकंद राहिला आणि विझला. पुढच्या खेपेला पुन्हा आला. त्या पिवळ्यात पाच फिकट ठिपके होते, आणि ते जवळ यायचे, लांब व्हायचे. जवळ, लांब. बोटांसारखे. हेमकांतने त्या दिवशी पट्टीचा पहिला थर लावला. पट्टीतून उजेड पाझरायला लागला, तेव्हा दुसरा. मग तिसरा. मशीन कायमचं बंद करून टाकावं, तर तेही होईना. आठवडाभर लावलं नाही की त्याला वाटायचं, आतमध्ये अंधारात कुणीतरी हात हलवत बसलंय आणि आपण दार लावून घेतलंय. मग तो जायचा, बटण दाबायचा आणि पट्टीकडे न बघता उभा राहायचा.

संक्रांतीला चार दिवस होते. रविवारी सकाळी एक मुलगी दुकानात आली. एकोणीस-वीसची, नर्सिंगच्या कॉलेजची बॅग खांद्यावर, केस घट्ट बांधलेले.

"हेमकांतकाका तुम्हीच ना? मी चारुलता. नंदुरबारला होस्टेलला असते."

"बस ना बेटा. लग्नाची ऑर्डर का?"

"नाही." ती बसली नाही. "म्हसावदना पितांबरदादानी नात मी. रुपानी पोर."

हेमकांतच्या हातातला माऊस टेबलावरून लोंबकळला. तिनेच तो उचलून वर ठेवला.

"दिवाळीला पहिल्यांदाच काकाकडे गेले होते," ती सांगू लागली. "त्यांनी त्यांच्या लग्नाची फिल्म लावली. सगळे फुलं बघून खूश होते. मी पण बघत होते. मग एक फूल मला वेगळं वाटलं. बाकीची हवेत उडतात. हे माणसाच्या उंचीवर चालतं. एका ठिकाणी आत्या ताट घेऊन येते, तर हे फूल बाजूला होऊन तिला वाट देतं. फूल कशाला वाट देईल, काका?"

हेमकांतने माऊस बाजूला सारला.

"मी पेनड्राइव्ह मागून आणला. होस्टेलवर वीस-बावीस वेळा पाहिलं. एका ठिकाणी फूल जरा वर सरकलंय. खालून पाय दिसतात. सगळ्या बायकांच्या पायात जोडवी आहेत. त्या पायात नाहीत."

पुढच्या टेबलावरचा नवा कॉम्प्युटर मधेच आपोआप झोपला. स्क्रीन काळी झाली.

"मन्ही मायना एक फोटू नही मनापान," चारुलता म्हणाली. फिल्मचं सांगताना सांभाळलेली शाळेची मराठी पुन्हा सुटली आणि घरची बोली आली. "आधार कार्डवरना शे, त्यामा ती माय वाटतच नही. कोनी फोटू काढाले लागनं का ती बाजूले व्हई जाय. शाळाना गॅदरिंगले बी. माले वाटे, लाजस. आते समजनं. तिनी ही फिल्म देखेल व्हती." ती थांबली. "तुम्ही फुलं टाकली ना? मग काढा. खाली ती आहे का, एवढं मला सांगा."

हेमकांतने सांगितलं. सगळं. दादा आले होते तेही सांगितलं, पण दादांच्या नावाआड लपला नाही. मांडीवर थाप मारली होती, तेसुद्धा सांगितलं. मूळ शूटिंगची, कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं तेव्हाच पुसून पुढच्या लग्नाला वापरली होती. उरली होती ती फक्त त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बांधलेली फाइल. तिच्यात फुलं वेगळी आणि खालची माणसं वेगळी. आणि ते सॉफ्टवेअर सुरू होताना आधी कार्ड बघायचं. ओळखीचं कार्ड दिसलं नाही की बंद. नव्या मशीनवर त्याने एकदा करून पाहिलं होतं.

"मग जुनं लावा," ती म्हणाली.

"ते कार्ड आता मरायला टेकलंय, बेटा. जोर लावला तर जाईल. एकदा गेलं की सगळंच गेलं."

"आणि नाही लावलं तर?"

संक्रांतीनंतरची भंगाराची गाडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने पडदा सारला.

पंखा घरघरला. स्क्रीन उजळली. हेमकांत सवयीने पट्टीवर तळहात ठेवून उभा राहिला. चारुलताने ते पाहिलं. फाइल उघडायला सहा मिनिटं लागली. मग मांडव दिसला, वाजंत्री दिसली आणि दाराच्या चौकटीत उभं पिवळं फूल. मुद्दाम विसरलेला माणूस समोर यावा तसं ते फूल हेमकांतकडे बघत होतं.

त्याने फूल बंद केलं.

फुलाखाली साडी होती, खांदा होता, आणि चेहऱ्याच्या जागी हिरवे चौकोन. नाचणारे, एकमेकांत शिरणारे चौकोन. दुसरी जागा काढली, तिथेही तेच. जिथे रुपा, तिथेच जास्त. कार्डाची मेमरी सडली होती. हेमकांत खुर्चीत मागे रेलला. पंधरा वर्षांपूर्वी आपण झाकली. आता हे झाकतंय.

"आवाज?" चारुलताने विचारलं. "आवाज पण गेला का?"

आवाजाला कार्ड लागत नाही. हे त्याला सुचायला हवं होतं. त्याने वरचं गाणं बंद केलं. गाण्याखाली पंधरा वर्षं दबलेला मांडव एकदम बोलायला लागला. भांडी, पोरं, कुणाची तरी खोकल्याची उबळ. आणि अगदी कॅमेऱ्याजवळ, हसऱ्या, दबक्या आवाजात एक बाई म्हणाली:

"चारू, हात हलाव. तो देख, हेमभाऊ तुन्ही शूटिंग करी ऱ्हायना. हलाव ना वं. मोठी व्हशी तव्हय देखशी."

चारुलता खाली फरशीवरच बसली.

हेमकांतला तेव्हा आठवलं. ओटीवर रुपाने त्याला विचारलं होतं, "भाऊ, मन्ही पोरनं एक काढशात का? तिना बापनं काही काढेल नही." आणि त्याने काढलं होतं. चांगलं जवळून काढलं होतं. मग अकरा दिवसांच्या धुंदीत, एक्केचाळिसातली एक जागा म्हणून, त्यावरही फूल बसवून मोकळा झाला होता. पोर कडेवर होती. फूल मोठं होतं. दोघींवर मावलं.

त्याने नमनला फोन लावला. नमन स्कूटरवर आला. काय झालंय ते त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो मुलीकडे न बघता सरळ मशीनकडे गेला.

"काका, तुम्ही याला अजून जवानासारखं पळवताय. याचा वेग खाली घ्या. अर्ध्याच्याही खाली."

"मग चालेल कसं?"

"रांगेल. पण दिसेल."

त्याने सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचा वेग उतरवला. पंख्याची घरघर बसत बसत कुजबुजीएवढी झाली. दाराबाहेर थंडी होती. नमनने खिडकी उघडून ती आत घेतली आणि मशीनचं झाकण काढून ठेवलं. "लावा आता. आणि यातून परत फिल्म काढायच्या भानगडीत पडू नका, तेवढा जोर याच्यात नाही. मोबाइल धरा स्क्रीनसमोर."

चारुलताने मोबाइल धरला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

चित्र हलेना. मग हललं. एक चित्र, थांबून दुसरं, थांबून तिसरं. चौकोन गेले होते. ओटीवर एक सावळी, रुंद कपाळाची बाई उभी होती. कडेवर पिवळ्या फ्रॉकमधली पोर. बाई पोरीकडे बघत होती. पुढच्या चित्रात कॅमेऱ्याकडे बघत होती. पुढच्यात हसायला लागली होती, आणि हसू पुरं व्हायला पाच-सहा चित्रं लागली. कार्डाने तिला तेवढा वेळ दिला. पोरीचा हात वर आला. बोटं मिटली. उघडली. मिटली.

पिवळा फ्रॉक, पाच बोटं. हेमकांतने पट्टीकडे पाहिलं. पाच वर्षं तो गेलेल्या बाईला भीत होता, आणि कोपऱ्यात तिची जिवंत पोर हात हलवत होती.

"तुम्ही मला पण काढलं होतं," चारुलता स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं, मी या लग्नात नव्हतेच. माय सांगायची, होतीस. मला ती खोटं बोलते वाटायचं."

 हेमकांतने पुढच्या खोलीत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तिच्याजवळ ठेवला. तिने तो बराच वेळ उचलला नाही. मग उचलला.

त्या सकाळी तीन जागा निघाल्या. चौथ्या जागेला स्क्रीन गोठली आणि करपल्याचा वास आला. नमनने मशीन लगेच बंद केलं.

"आज पुरे. ऊन चढलं. याला आता थंडीच्या सकाळीच लावायचं, आणि एका वेळी दोन-तीन जागा. किती राहिल्या?"

"अडतीस," हेमकांत म्हणाला.

"थंडी संपायच्या आत होतात का बघा. नाही झाल्या तर मी काय सांगू?" नमन दारात जाऊन परत वळला. "आणि काका, गाडीत टाकायला मी दुसरं काही शोधतो."

"मी दर रविवारी येईन," चारुलता म्हणाली. ती विचारत नव्हती. बॅग उचलताना ती थांबली. "काका, ती पट्टी कशाला लावलीये? मघाशी हात ठेवला होतात तुम्ही."

हेमकांत रमिलाबाईला सांगायचा तेच ओठावर आलं होतं. त्याने ते गिळलं. "मशीन थंड झालं की तूच बघ," म्हणाला.

पाऊण तास दोघं पुढच्या खोलीत बसले. बाहेर धडगावची जीप भरत होती, ड्रायव्हर गावांची नावं घेऊन ओरडत होता. मग हेमकांतने बटण दाबलं आणि या खेपेला मागे सरून उभा राहिला. चारुलताने नखाने पट्टीची कड उचलली. तिन्ही थर एकदम निघाले. पाच वर्षांचा डिंक काचेवर राहिला.

कोपरा काळा होता. मग पिवळा झाला.

हेमकांतला वाटलं होतं, आता तो येणार नाही. आला. पाच फिकट ठिपके, जवळ, लांब, जवळ. त्याने चारुलताकडे पाहिलं. तिला दिसतंय की नाही, एवढंच त्याला आता हवं होतं. दिसत नसेल तर चष्मा. दिसत असेल तर काय, ते त्याला माहीत नव्हतं.

चारुलता घाबरली नाही. खाली वाकली आणि आपला पंजा उघडून त्या डागावर टेकवला. ठिपके तिच्या तळव्याखाली सगळेच्या सगळे मावले. अजून जागा उरली.